उशिरा भरलेल्या आयकर रिटर्नवर लेट फी लागली? दाद कुठे मागायची, कशी मागायची

रिटर्न प्रोसेस झालं की ईमेलवर आयकर कायद्याच्या कलम १४३(१) चं इंटिमेशन (हिशेबाची सूचना) येतं. पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी. आत दोन रकाने दिसतील. एकात तुम्ही रिटर्नमध्ये भरलेले आकडे, शेजारी सीपीसीने, म्हणजे आयकर खात्याच्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राने, काढलेले. खाली उतरत जा. २३४ए, २३४बी, २३४सी अशा व्याजाच्या ओळी संपल्या की २३४एफची ओळ येते. तुमच्या रकान्यात शून्य आणि सीपीसीच्या रकान्यात ५,००० असेल, तर तुम्हाला लेट फी लागली आहे.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. लगेच कारण लिहायला बसतात: घरात आजारपण होतं, गावी रेंज नव्हती, पोर्टल अडकत होतं, सीएने उशीर केला. कारण खरं असतं, पण लेट फीपुढे ते चालत नाही. कुठे कारण चालतं, कुठे फक्त तारखा आणि आकडे चालतात, हे एकदा समजलं की निम्मी धावपळ वाचते.

२३४एफ हे कायद्याच्या भाषेत शुल्क आहे, दंड नाही. दंडाच्या बाबतीत २७३बी कलमाखाली 'वाजवी कारण होतं' असं म्हणता येतं. त्या कलमाच्या यादीत २३४एफ नाही. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००, त्यावर ५,०००. रक्कम कमी-जास्त करण्याचा किंवा दया दाखवून ती माफ करण्याचा अधिकार तुमच्या असेसिंग ऑफिसरला (तुमची फाइल हाताळणाऱ्या आयकर अधिकाऱ्याला) नाही. टीडीएस विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दल लागणारी २३४ईची फी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवली, तेव्हाही ती शिक्षा नसून शुल्क आहे हाच मुद्दा होता. म्हणून लेट फीविरुद्ध भांडायचं तर एकाच मुद्द्यावर: ती मुळात लागूच होत नव्हती, किंवा चुकीच्या रकमेने लागली.

२३४एचं व्याज वेगळं. भरायचा राहिलेला कर असेल तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रिटर्न भरेपर्यंत दरमहा १ टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. समजा मुदत ३१ जुलै होती, कर ४०,००० बाकी होता आणि रिटर्न १० नोव्हेंबरला भरलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे दहा दिवस, असे चार महिने, म्हणजे १,६०० रुपये. पण तोच कर ३१ जुलैपूर्वी चलनाने भरलेला असेल आणि फक्त रिटर्न उशिरा गेलं असेल, तर त्या रकमेवर २३४ए लागत नाही. सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं) २०१५ चं परिपत्रक क्रमांक २ हेच सांगतं. सीपीसीने तरी व्याज लावलं असेल तर चलनाची तारीख दाखवून ते काढून घ्या.

खरा दंड म्हणजे २७०ए (कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कराच्या ५० टक्के) किंवा २७२ए(१)(डी) (नोटिशीला उत्तर न दिल्याबद्दल प्रत्येक वेळी १०,०००). यांच्यासाठी आधी स्वतंत्र नोटीस येते, मग स्वतंत्र ऑर्डर निघते. नोटिशीला उत्तर न दिल्याच्या दंडात तुमचं आजारपण, हॉस्पिटलची कागदपत्रं, घरातला मृत्यू या सगळ्याला किंमत आहे. तिथे कारण सविस्तर मांडा.

फी चुकीची लागली आहे का, हे तपासायचं कसं

आधी त्या वर्षाची खरी शेवटची तारीख काढा. लोक ३१ जुलै गृहीत धरतात आणि काही वेळा आधीच हार मानतात. ऑडिट नसलेल्या सामान्य करदात्यासाठी अलीकडच्या तारखा अशा: असेसमेंट वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) २०२१-२२ साठी ३१ डिसेंबर २०२१, २०२२-२३ साठी ३१ जुलै २०२२, २०२३-२४ साठी ३१ जुलै २०२३, २०२४-२५ साठी ३१ जुलै २०२४ आणि २०२५-२६ साठी १६ सप्टेंबर २०२५. मुदतवाढ मिळालेल्या वर्षाचं रिटर्न वाढीव तारखेच्या आत असेल तर फी नाही.

एपीएमसी मार्केटमधल्या एखाद्या फर्ममध्ये तुम्ही भागीदार आहात आणि फर्मचं ऑडिट होतं, अशी परिस्थिती असेल तर तुमचीही मुदत ऑडिटवाल्यांची. एरवी ती ३१ ऑक्टोबर असते. असेसमेंट वर्ष २०२५-२६ साठी ती १० डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली होती. फी लागते ती बहुधा एका रकान्यामुळे. आयटीआर-३ मध्ये भागीदारीचा तपशील भरताना फर्मचं ऑडिट होतं की नाही, या प्रश्नापुढे 'नाही' राहून जातं. सीपीसीचं मशीन तुम्हाला साध्या मुदतीत टाकतं आणि ५,००० लावतं. फर्मच्या ऑडिट रिपोर्टची पोच आणि भागीदारीचा करारनामा हाताशी असेल तर ही केस मजबूत आहे.

मग उत्पन्न बघा. रिटर्न भरणं बंधनकारकच नव्हतं, तर २३४एफ लागत नाही. करमुक्त मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या माणसाने फक्त टीडीएसचा रिफंड मिळवण्यासाठी डिसेंबरमध्ये रिटर्न भरलं, तर फी शून्य असायला हवी. जुन्या करपद्धतीत ही मर्यादा २.५ लाख (६० वर्षांवर ३ लाख, ८० वर्षांवर ५ लाख), तर नव्या पद्धतीत असेसमेंट वर्ष २०२४-२५ आणि २०२५-२६ साठी ३ लाख आणि २०२६-२७ साठी ४ लाख. ही मर्यादा ८०सी, ८०डी वगैरे वजावटींच्या आधीच्या उत्पन्नाला लावतात, नंतरच्या नव्हे. पगार ४ लाख आणि वजावटी जाऊन २.४ लाख उरले, तरी जुन्या पद्धतीत रिटर्न भरावंच लागतं.

मर्यादेखालच्यांनाही काही कारणांनी रिटर्न सक्तीचं होतं: वर्षभराचं वीजबिल १ लाखावर, परदेश प्रवासावर २ लाखांपेक्षा जास्त खर्च, बचत खात्यात वर्षाला ५० लाख किंवा जास्त जमा, आणि टीडीएस-टीसीएस मिळून २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठांसाठी ५०,०००). शेवटचा मुद्दा ठेवींवर जगणाऱ्यांना नडतो. पन्नाशीतल्या बाईंना एफडीचं व्याज २,९०,००० मिळालं आणि बँकेने १० टक्के म्हणजे २९,००० टीडीएस कापला. असेसमेंट वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत उत्पन्न ३ लाखांच्या आत, कर शून्य. तरी टीडीएस २५,००० च्या वर गेल्यामुळे रिटर्न सक्तीचं, आणि उशीर झाला तर १,००० ची फी बरोबरच. इथे दाद मागून काही हाती लागणार नाही.

तसंच '८७एची (कमी उत्पन्नावर करात मिळणारी) सूट मिळून कर शून्य झाला, मग फी कसली' हा मुद्दा टिकत नाही. फी उत्पन्नावर ठरते, करावर नाही. मात्र ५ लाखांची सीमा वजावटींनंतरच्या उत्पन्नाला लागते. निव्वळ उत्पन्न ४.९ लाख असताना ५,००० लागले असतील, तर ४,००० परत मागा.

आता सगळ्यात जास्त माणसं जिथे अडकतात ते ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री देणं. रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत ते व्हेरिफाय व्हायला हवं. त्यानंतर केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. एखाद्याने १६ सप्टेंबर २०२५ ला रात्री रिटर्न अपलोड केलं, आधारचा ओटीपी आला नाही म्हणून 'नंतर करू' म्हणून ठेवलं, आणि दिवाळीत, २० ऑक्टोबरला, आठवण झाली. १६ ऑक्टोबरला ३० दिवस संपले होते. कायद्याच्या दृष्टीने त्याचं रिटर्न २० ऑक्टोबरचं, आणि फी ५,०००. रेक्टिफिकेशनने (चूक दुरुस्तीच्या अर्जाने) हे सुटत नाही, कारण सीपीसीने चूक केलेली नाही. यावर उपाय म्हणजे कंडोनेशन (उशीर माफ करण्याची विनंती), आणि इथे कारण चालतं: पोर्टलवर सर्व्हिसेस, मग कंडोनेशन रिक्वेस्ट, त्यात व्हेरिफिकेशनला झालेल्या उशिराचा पर्याय. आधारला जोडलेला मोबाइल बंद होता, हॉस्पिटलात दाखल होतो, असं जे असेल ते तारखांसह लिहा आणि पुरावा जवळ ठेवा.

मूळ रिटर्न मुदतीत भरलं आणि नंतर सुधारित रिटर्न दिलं, तर २३४एफची फी लागत नाही. पण सुधारित भरताना १३९(५) (सुधारित रिटर्नचं कलम) ऐवजी १३९(४) (उशिराच्या रिटर्नचं कलम) निवडलं गेलं, तर सिस्टिमला ते उशिराचं रिटर्न वाटतं. मूळ रिटर्नचा पोच क्रमांक देऊन हे रेक्टिफिकेशनमध्ये मांडता येतं. १३९(९)ची 'डिफेक्टिव्ह' (सदोष रिटर्नची) नोटीस आली असेल तर १५ दिवसांत उत्तर गेलं की नाही ते बघा. उत्तर गेलं नसेल तर रिटर्न अवैध ठरू शकतं, म्हणजे भरलंच नव्हतं असं.

शेवटची शक्यता चलनाची. फी तुम्ही भरली, पण चलनात असेसमेंट वर्ष चुकलं, म्हणून जमा दिसत नाही. पोर्टलवर चलन करेक्शनची सोय आहे: असेसमेंट वर्ष बदलायचं तर पैसे भरल्यापासून ७ दिवसांत, मेजर हेड (कराचा प्रकार) किंवा मायनर हेड (भरण्याचा प्रकार) बदलायचं तर ३० दिवसांत. त्यानंतर असेसिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज.

रेक्टिफिकेशन

वरच्यापैकी एखादी चूक सापडली तर पहिलं पाऊल १५४ खालचं रेक्टिफिकेशन. या अर्जाला फी लागत नाही आणि सीएकडे जायचीही गरज पडेलच असं नाही. पोर्टलवर लॉगिन करा, सर्व्हिसेसमध्ये रेक्टिफिकेशन, न्यू रिक्वेस्ट, असेसमेंट वर्ष निवडा. रिटर्नमधला डेटा बरोबर आहे आणि सीपीसीनेच चुकीची तारीख किंवा फी धरली असेल, तर 'रिप्रोसेस द रिटर्न'. ऑडिटचा रकाना तुमच्याकडूनच चुकला असेल, तर 'रिटर्न डेटा करेक्शन'. त्यात पूर्ण रिटर्न दुरुस्त करून पुन्हा अपलोड करावं लागतं. मुदत इंटिमेशन ज्या आर्थिक वर्षात निघालं त्याच्या अखेरीपासून चार वर्षं, आणि अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असं कायदा सांगतो. 'केस असेसिंग ऑफिसरकडे हस्तांतरित' असं दिसलं तर सीपीसीकडे अर्ज चालत नाही, अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो.

अर्जातला मजकूर जितका कोरडा तितका चांगला. इंग्रजीत लिहिणार असाल तरी आशय एवढाच ठेवा: 'मी अमुक फर्ममध्ये भागीदार आहे. असेसमेंट वर्ष २०२५-२६ साठी फर्मचं ४४एबीखाली ऑडिट झालं असून रिपोर्ट अमुक तारखेला अमुक पोच क्रमांकाने दाखल आहे. त्यामुळे माझी मुदत १० डिसेंबर २०२५ होती. माझं रिटर्न २१ नोव्हेंबर २०२५ ला दाखल आणि त्याच दिवशी व्हेरिफाय झालं. २३४एफची ५,००० रुपयांची आकारणी रद्द करावी.' चार तारखा, एक मागणी, बस. विनवणीची वाक्यं घालू नका. वाचणाऱ्याला तारीख शोधावी लागली की काम लांबतं.

याच वेळी डिमांडकडेही, म्हणजे खात्याने मागितलेल्या बाकी रकमेकडेही, बघा. पेंडिंग ॲक्शन्समध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडा आणि असहमती नोंदवा, कारण म्हणून रेक्टिफिकेशन दाखल केल्याचं निवडा. घाईत 'डिमांड बरोबर आहे' वर क्लिक करू नका; एकदा मान्य केली की तिथे परत असहमत होता येत नाही. काहीच उत्तर दिलं नाही तर ३० दिवसांनंतर २२०(२) खाली महिन्याला १ टक्का व्याज सुरू होतं आणि पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून २४५ ची सूचना देऊन रक्कम वळती होते.

अपील

रेक्टिफिकेशन नाकारलं, किंवा मुद्दा कायद्याच्या अर्थाचा आहे, तर फॉर्म ३५ भरून पहिलं अपील. तेही पोर्टलवरच. इंटिमेशन किंवा ऑर्डर हाती आल्यापासून ३० दिवस. रेक्टिफिकेशन टाकलं म्हणून इंटिमेशनविरुद्धचे हे ३० दिवस थांबत नाहीत. सहा महिने वाट बघून मग इंटिमेशनवर अपील करायला गेलात तर उशिराची माफी आधी मागावी लागते. रेक्टिफिकेशन नाकारल्याच्या ऑर्डरवर मात्र नव्याने ३० दिवस मिळतात.

अपिलाचं शुल्क असेसिंग ऑफिसरने धरलेल्या उत्पन्नावर ठरतं: १ लाखापर्यंत २५०, २ लाखांपर्यंत ५००, त्यावर १,०००. रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेला कर आधी भरलेला असायला हवा, नाहीतर अपील दाखलच करून घेत नाहीत. फॉर्ममध्ये घटनाक्रम आणि मुद्दे वेगवेगळे मागतात. घटनाक्रमात काय झालं ते तारीखवार लिहा. मुद्द्यांत प्रत्येक तक्रार स्वतंत्र: फी लागू नाही हा एक, व्याज चुकीचं हा दुसरा. सोबत इंटिमेशन, डिमांड नोटीस, रिटर्नची पोच, शुल्काचं चलन.

अपील फेसलेस चालतं, कुठल्या खोलीत जाऊन उभं राहायचं नसतं. पण नोटिसा फक्त पोर्टलवर आणि ईमेलवर येतात. ईमेल आयडी जुन्या सीएचा असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही आणि अपील निकालात निघतं. फॉर्म ३५ भरण्याआधी प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल स्वतःचा करा.

१,००० रुपयांच्या फीसाठी अपिलात जाऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. शुल्कच तेवढं आहे. ५,००० साठीही रेक्टिफिकेशनपर्यंत जोर लावा. अपिलाची ताकद राखून ठेवा ती २७०एच्या दंडासारख्या मोठ्या रकमांसाठी. तिथेही आधी २७०एए बघा: कर आणि व्याज मुदतीत भरून, अपील न करता, ऑर्डर मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून एका महिन्यात फॉर्म ६८ दिला, तर अनेक प्रकरणांत दंडातून सुटका मिळते. चुकीचं उत्पन्न मुद्दाम दाखवल्याचा ठपका असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

मोठं नुकसान बहुधा दुसरीकडे असतं

फीच्या ५,००० वर लोकांचं लक्ष असतं आणि त्याहून मोठी रक्कम निसटते. असेसमेंट वर्ष २०२४-२५ पासून मुदतीनंतरच्या रिटर्नमध्ये जुनी करपद्धत निवडता येत नाही. ऐरोलीत भाड्याने राहून एचआरए घेणाऱ्या, किंवा घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं कर्ज फेडणाऱ्या पगारदाराला याचा फटका लेट फीच्या कितीतरी पट बसू शकतो. शेअर्समधला किंवा धंद्यातला तोटाही पुढच्या वर्षांत नेता येत नाही. आणि उशिराच्या रिटर्नची शेवटची तारीख, ३१ डिसेंबरही, हुकली तर रिफंडच अडकतो, कारण त्यानंतर उरणारं अपडेटेड रिटर्न रिफंड मागण्यासाठी भरता येत नाही.

अडकलेल्या रिफंडसाठी आणि तोट्यासाठी मार्ग आहे ११९(२)(बी) चा, म्हणजे उशीर माफ करून घेण्याच्या अर्जाचा. १ ऑक्टोबर २०२४ च्या सीबीडीटी परिपत्रक क्रमांक ११ नुसार १ कोटीपर्यंतच्या दाव्यांवर प्रिन्सिपल कमिशनर किंवा कमिशनर निर्णय घेतात. अर्ज असेसमेंट वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करायचा. म्हणजे २०२२-२३ साठी ३१ मार्च २०२८ पर्यंत वेळ आहे. इथे कारणालाच सगळं महत्त्व: खरीखुरी अडचण होती, हे कागदांनी दाखवावं लागतं.

अर्ज कोणाकडे, यात ठाणे-नवी मुंबईकरांची गल्लत होते. घर कुठे आहे यावर नाही, पॅनवर कुठला अधिकारी नोंदला आहे यावर ते ठरतं. दादर सोडून कासारवडवलीला आलात आणि पॅनचा पत्ता बदलला नसेल, तर फाइल अजून मुंबईतच आहे. नवी मुंबईतही वाशीकडचे आणि खारघर-कामोठे-पनवेलकडचे वेगवेगळ्या कार्यालयांत येतात. पोर्टलच्या पहिल्या पानावर 'नो युवर एओ' (एओ म्हणजे असेसिंग ऑफिसर) मध्ये पॅन आणि मोबाइल टाकून वॉर्ड बघा, मगच वागळे इस्टेटच्या अशर आयटी पार्कची किंवा वाशी स्टेशन कॉम्प्लेक्सची वाट धरा.

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर आवक टेबलावरून तारखेचा शिक्का घ्या. पुढे विचारणा करताना तोच कामाला येतो. सोबत उत्पन्नाचा हिशेब, फॉर्म १६, पोर्टलवरून मिळणारे २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा), बँक स्टेटमेंट आणि कारणाचे पुरावे जोडा. कारण एका तक्त्यात मांडा: अमुक तारखेला ॲडमिट, अमुक तारखेला डिस्चार्ज, अमुक तारखेपर्यंत अंथरुणाला खिळून, अमुक तारखेला फॉर्म १६ हाती. मध्ये तीन महिन्यांची पोकळी राहिली तर अधिकारी नेमकं तिच्यावर बोट ठेवतो, म्हणून ती आधीच भरून काढा. 'माहिती नव्हती' एवढंच कारण क्वचित टिकतं. अशा उशिराच्या रिफंडवर व्याज मिळत नाही, तेव्हा ते मागू नका.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला असला, तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू राहतो. त्यामुळे जुन्या वर्षांच्या अर्जांत वरचीच कलमं लिहा.

मंजुरीची ऑर्डर आली की रिटर्न पोर्टलवर भरताना भरण्याच्या कलमात ११९(२)(बी) निवडा आणि ऑर्डरचा क्रमांक व तारीख ऑर्डरवरून जशीच्या तशी उतरवा. आणि ई-व्हेरिफाय त्याच बैठकीत करा. आधारचा ओटीपी येत नसेल तर नेट बँकिंगमधून करा, पण खिडकी बंद करण्याआधी करा.